अपूर्वाईनंतरचे लिस्बन

पु. ल. देशपांडे यांनी आपल्या युरोपच्या प्रवासवर्णनाला 'अपूर्वाई' हे नाव दिले, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या परदेशगमनाला हा शब्द जणू कायमचा चिकटला. पूर्वी कधी नव्हते ते अपूर्व. मग ज्या शहरात आपण एकदा जाऊन आलो, तिथेच पुन्हा जाण्याला काय म्हणावे? तिथली अपूर्वाई तर व्याख्येनेच संपलेली असते. वारकरी दरवर्षी त्याच वाटेने त्याच गावी जातो आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही, पण प्रवाशाने तेच शहर दुसऱ्यांदा गाठायचे ठरवले की घरची मंडळी हमखास विचारतात, "अरे, तिथे तर जाऊन आलात ना?"

आम्ही दोघे मित्र लिस्बनला दोनदा गेलो. पहिल्यांदा २०१९च्या ऑक्टोबरात. तेव्हा जर्मनीत शिकत होतो आणि विद्यार्थ्याला परवडेल अशा विमानाने, पाठीवरच्या एकेका पिशवीत मावेल तेवढाच संसार घेऊन निघालो होतो. दुसऱ्यांदा २०२४च्या एप्रिलमध्ये. पिशव्या त्याच होत्या, फक्त एकीचा बंद पुण्याच्या चांभाराने शिवून दिलेला होता. या दोन प्रवासांच्या मधल्या साडेचार वर्षांत आम्हांला लिस्बन जितके कळले, तितके तिथे प्रत्यक्ष फिरताना कळले नव्हते. या लेखाचा विषय तोच आहे.

लिस्बन पहिल्या दिवशीच आवडते, याला काही खास डोळे लागत नाहीत. टेकड्यांवर चढत गेलेली घरे, त्यांच्या दर्शनी भिंतींवरच्या चकचकीत फरशा, काळ्या-पांढऱ्या चुनखडीच्या लहान तुकड्यांनी जडवलेले पादचारी मार्ग आणि प्रत्येक उताराच्या शेवटी दिसणारी तेजो नदी. नदी म्हणायची एवढेच. शहरापाशी तिचा पसारा इतका आहे की कोकणातल्या एखाद्या खाडीचीच आठवण व्हावी. कार्मोच्या मठाचे चर्च अजूनही बिनछपराचे उभे आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत शिरला आणि मग कितीतरी दिवस आग धुमसत राहिली. पोम्बालच्या मार्कीसाने खालचे शहर नव्याने वसवले. सरळ रस्ते आखले आणि घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवले. सांगाड्याचा नमुना चौकात उभारून त्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत फिरवली, म्हणजे धरणीकंपाची तालीम होईल, असे सांगतात.

पण आम्हांला लिस्बन आवडले त्याचे कारण वेगळे होते. ते कानाने आवडले. आठ दिवस आम्ही मोरारियाच्या चढावरच्या एका जुन्या इमारतीत, एका वृद्ध बाईंच्या घरातली मागची खोली घेऊन राहिलो होतो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्." आम्ही एकमेकांकडे पाहिले. ती चावी होती! दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पाव होता, त्याला त्या 'पांव' म्हणाल्या. न्हाणीघरात 'साबांव' होता, कालवणात 'बताता' आणि 'कोव्ह', म्हणजे आपले बटाटा आणि कोबी. दुकानात पैसे देण्याच्या क्रियापदाचे नाव 'पगार'. आईच्या स्वयंपाकघरातली निम्मी यादी अटलांटिकच्या काठावर उच्चारली जात होती. पुढे वाचनात आले ते आणखी नवलाचे होते. पोर्तुगीज भाषेत पूर्वी 'च'चा उच्चार आपल्यासारखाच होता. सतराव्या शतकाच्या सुमारास राजधानीकडे तो 'श' होत गेला. म्हणजे लिस्बनकर जो उच्चार विसरले, तो चावीच्या रूपाने आपल्या भाषेने जपून ठेवला आहे.

हे सारे शोधून काढणारा माणूस गोव्याचा होता. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो, जन्म आसगावचा, १८५५चा. लिस्बनमध्ये त्यांनी संस्कृत शिकवले, आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा आपला ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला आणि १९२२मध्ये लिस्बनमध्येच ते वारले. त्यांच्या यादीत चावी आहे, पाव आहे, लिलाव आहे, नाताळ आहे. आणि तुरुंगही आहे. 'त्रोंको' म्हणजे झाडाचा बुंधा, कैद्याचे पाय अडकवण्याचा खोडा. पाव आणि तुरुंग एकाच गलबतातून उतरले, हे वाचल्यावर मात्र सकाळच्या टेबलावरच्या त्या गोड आठवणीला थोडे वेगळे वजन आले.

घरमालकीणबाईंना आम्ही आपापसांत 'आजी' म्हणत असू. त्यांच्या दिवाणखान्यात लष्करी गणवेशातल्या एका तरुणाचे छायाचित्र होते. आम्ही भारतातून आलो हे कळल्यापासून त्या एक-दोनदा त्याच्याकडे पाहून काही बोलू लागत आणि थांबत. चौथ्या दिवशी इंग्रजी येणारी त्यांची नात घरी आली, तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवले आणि सांगायला घेतले. तो त्यांचा नवरा, आलेंतेजूमधल्या एका खेड्यातला शेतमजुराचा मुलगा. सक्तीच्या लष्करी सेवेत पकडला गेला आणि एकविसाव्या वर्षी 'इंडिया'ला पाठवला गेला. बोटीवर चढेपर्यंत त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले. सालाझारचा आदेश असा होता की शरणागती नाही. सैनिक एक तर विजयी व्हावेत, नाही तर मरावेत. गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा यांनी तो मानला नाही, ते शरण आले आणि तीन हजारांवर सैनिकांचे प्राण वाचले. ते पाच महिने युद्धकैदी राहिले. आजींचा नवरा फोंड्याच्या छावणीत होता. मे १९६२मध्ये ही माणसे मायदेशी परतली, तेव्हा सरकारच्या लेखी ती पराभवाची लाज होती. गव्हर्नरना तर पुढे सैन्यातून काढूनच टाकले. "त्यांनी त्याविषयी कधी काही सांगितले नाही," आजी म्हणाल्या, "एवढेच सांगत, की पहाऱ्यावरचा शिपाई बिडी द्यायचा."

आमच्यापैकी एकाचे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याहून पत्रादेवीकडे चालत गेलेल्या सत्याग्रहींत होते. नि:शस्त्र माणसे, हातात तिरंगा. समोरून गोळीबार झाला. गोव्याच्या सीमांवर त्या एका दिवसात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. आजोबा वाचले, पण त्यांच्या उजवीकडे चालणारा माणूस वाचला नाही, इतकेच ते सांगत. हे त्या संध्याकाळी आजींना सांगावे की नाही, यावर आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून मराठीत कुजबुजत चर्चा केली. शेवटी सांगितले. नातीने भाषांतर केले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत; मग उठून आत गेल्या आणि आमच्यासाठी सूप गरम करून घेऊन आल्या. हा प्रसंग दोन देशांच्या मनोमीलनाचा म्हणून रंगवणे सोपे आहे. आम्हांला मात्र तसे वाटले नव्हते. आजोबांच्या शेजारचा माणूस गेला तो गेलाच, आणि आजींच्या नवऱ्याने मनात मिटून ठेवलेली वर्षेही परत आली नाहीत. आम्ही चौघे एका टेबलाभोवती बसून सूप प्यायलो, एवढेच खरे.

परतल्यावर वाचन सुरू झाले. मराठी माणसाने लिस्बन शोधायला लागावे की धागे सगळीकडून निघतात. शिवाजी महाराजांवरचे कोस्मे द ग्वार्दाचे पोर्तुगीज चरित्र १७३० साली छापले गेले ते लिस्बनमध्ये. आणि नऊ वर्षांनी, १७३९मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. गोव्याच्या पुराभिलेखागाराची जन्मभर राखण करणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगेज-मराठे संबंधांचे जे काम उभे केले, त्याचे अर्धे आयुष्य लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या कागदांत आहे. पण आम्हांला अडवून धरले ते मोहन रानडे यांच्या नावाने. सांगलीचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, सशस्त्र लढ्यात उतरला आणि १९५५मध्ये बेतीच्या पोलिस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९६०मध्ये त्यांना लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात नेले. गोवा मुक्त झाला, आजींचे यजमान सुटून घरी आले, आणि रानडे मात्र १९६९च्या जानेवारीपर्यंत तिथेच होते. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जी समिती झटली, तिच्या अग्रभागी सुधीर फडके होते. रानडे २०१९च्या जूनमध्ये पुण्यात वारले, आम्ही लिस्बनला गेलो त्याच्या चार महिने आधी.

ही तारीख वाचली आणि नकाशा उघडला. काशियास! लिस्बनच्या काइश दो सोद्रे स्थानकातून काश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलवरचे एक स्थानक. २०१९मध्ये त्या गाडीने आम्ही पोहायला गेलो होतो. गाडी तिथे थांबली होती आणि दारे उघडून पुन्हा मिटली होती.

म्हणून २०२४मध्ये पुन्हा निघालो. यावेळी एकाला पुण्याहून व्हिसा काढावा लागला. बँकेची पाने, विमा, परतीचे तिकीट आणि नोकरीचे पत्र यांची चळत सादर करताना वास्को द गामाने कालिकतच्या बंदरात नेमकी कोणती कागदपत्रे दाखवली असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

मोरारियाच्या चढावरची ती इमारत नव्याने रंगवलेली होती. दारावर जुन्या कुलपाच्या जागी आकडे दाबायची पेटी होती. घंटा नव्हती, कारण दार उघडायला आत कोणीच राहत नव्हते. इमारतीच्या पाचही घरांत आता दोन-तीन रात्रींपुरते प्रवासी उतरतात. लिस्बनच्या जुन्या वस्त्यांतली ही नेहमीची गोष्ट आहे. आर्थिक संकटाच्या काळात, २०१२ साली, भाडेकायदा सैल झाला. त्याच वर्षी घर विकत घेणाऱ्या परदेशी धनिकांसाठी निवासपरवान्याची योजना आली (घरखरेदीची ही वाट २०२३मध्ये बंद केली गेली), आणि पुढे प्रवाशांना घरे देण्याचे परवाने सुलभ झाले. स्वस्त विमाने होतीच. पाठपिशवीवाला प्रवासी स्वतःला पर्यटक म्हणवून घेत नाही. पण हिशेबात तोही एक रात्र, एक खाट असाच मोजला जातो, आणि अशा लाखो रात्रींची बेरीज म्हणजे त्या दारावरची आकड्यांची पेटी होय.

कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान मात्र होते. ते सिल्हेटकडच्या एका बांगलादेशी गृहस्थांचे. सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत ते २०१९मध्येही आमच्याशी गप्पा मारत. त्यांनी आम्हांला ओळखले. "दादा, आजी नदीपलीकडे गेल्या," ते म्हणाले. इमारत विकली गेली होती आणि नव्या मालकाने दुरुस्तीचे कारण सांगून घरे रिकामी करून घेतली होती. आजी निघाल्या त्या दिवशी यांनीच दुकान बंद ठेवून सामान उतरवायला मदत केली होती. नातीचा नंबर त्यांच्या वहीत होता. चाळीस वर्षे त्या गल्लीत राहिलेल्या बाईचा पत्ता पाच-सात वर्षांपूर्वी आलेल्या परक्या माणसापाशी होता.

काशियासला आम्ही एका सकाळी उतरलो. तुरुंगाच्या इमारती जुन्या किल्ल्याच्या आवारात आहेत आणि त्या बाहेरूनच पाहता येतात. भिंत, तारा, चढणीचा रस्ता. मागे वळून पाहिले की नदी समुद्राला मिळते ते मुख. रानड्यांना कोठडीतून ते दिसत असे का, याचा अंदाज आम्ही करत बसलो नाही. फक्त अर्धा तास उभे राहिलो. २५ एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतर इथले राजबंदी सोडले गेले, तेव्हा दाराबाहेर नातलगांची गर्दी होती. रानडे सुटले होते त्याला पाच वर्षे उलटली होती. परतताना बेलेंला उतरून तो दर्यावर्दींचा भव्य स्तंभ पुन्हा पाहिला. बावन्न मीटर उंच, गलबताच्या आकाराचा, कडेला तेहतीस शिल्पाकृती. पहिल्या वेळी तो जुना असावा असेच वाटले होते. पण १९४०च्या प्रदर्शनासाठी जे उभारले होते ते तात्पुरते होते. दगडाचा हा स्तंभ १९६०चा आहे. म्हणजे साम्राज्याचे स्मारक पक्के झाले आणि पुढच्याच वर्षी गोवा गेला. रानडे काशियासला आले तेही त्याच साली. एकाच नदीच्या एकाच काठावर, लोकलने काही मिनिटांच्या अंतरावर, हा स्तंभ आणि ती कोठडी.

२५ एप्रिलला क्रांतीला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. आजी नातीबरोबर बोटीने नदी ओलांडून आल्या. अव्हेनिदा द लिबर्दादवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात किंवा छातीवर लाल कार्नेशन. १९७४च्या त्या दिवशी एका उपाहारगृहातल्या सेलेस्त काएरू नावाच्या कामगार स्त्रीने सैनिकांना ही फुले वाटली आणि ती बंदुकांच्या नळ्यांत गेली. क्रांतीला नाव मिळाले ते त्यावरून. आफ्रिकेतल्या तेरा वर्षांच्या वसाहतयुद्धांना कंटाळलेल्या कॅप्टनांनी हे घडवले. त्या वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व कराराने मान्य केले आणि शरण आलेल्या गव्हर्नरचेही पुनर्वसन झाले. "त्या दिवशी हे पहिल्यांदा म्हणाले, की मी फोंड्याला होतो," आजींनी सांगितले. "शेजाऱ्यांना सांगितले. मोठ्याने." लग्नाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

आम्ही विचारले, जुन्या घराची आठवण येते का? त्या हसल्या. म्हणाल्या, नव्या घरात चढ नाही, गुडघ्यांना बरे आहे. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, की पाव मात्र तिकडचा चांगला नाही.

गर्दीत सगळे एका मनाचे होते असे नाही. सहाच आठवड्यांपूर्वीच्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधावर उभ्या असलेल्या शेगा पक्षाला दोनशे तीसपैकी पन्नास जागा मिळाल्या होत्या. गंमत अशी की त्याआधी आठ वर्षे देशाचे पंतप्रधान होते ते आंतोनियो कोश्ता. मडगावशी नाते सांगणाऱ्या घराण्यातल्या लेखक ओर्लांदो द कोश्ता यांचे चिरंजीव. दोन्ही गोष्टी एकाच मतदारांनी केल्या. त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षांनी वसाहतकाळातल्या गुन्ह्यांची जबाबदारी देशाने घेतली पाहिजे असे म्हटले, आणि त्यावरही रण माजले.

आम्ही परत आलो. त्याच वर्षी डिसेंबरात, मार्तिम मोनीझजवळच्या रुआ दो बेनफॉर्मोझू या दक्षिण आशियाई दुकानांनी गजबजलेल्या गल्लीत पोलिसांनी कारवाई केली. डझनावारी माणसे हात वर करून भिंतीशी ओळीने उभी केलेली छायाचित्रे जगभर गेली. तारीख होती १९ डिसेंबर. गोव्यात त्या दिवशी मुक्तिदिन असतो. हा योगायोग लिस्बनमध्ये कितीजणांच्या लक्षात आला असेल? आम्ही त्या छायाचित्रांतल्या पाठी निरखून पाहिल्या. चेहरे भिंतीकडे होते. वाणीदादांना फोन लावला. ते म्हणाले, मी ठीक आहे, दुकान आज लवकर बंद केले, उद्या उघडेन. जानेवारी २०२५मध्ये हजारो लिस्बनकर याच कारवाईच्या निषेधार्थ मार्तिम मोनीझपर्यंत चालत गेले, हे त्यांनीच आनंदाने कळवले. आजींची नातही त्यांत होती.

पहिल्या भेटीत शहर आवडायला आपल्याला त्याचे काही द्यावे लागत नाही. टेकड्या, फरशा, ऊन, ताज्या नाताचा वास. सगळे फुकट असते, आणि ते खरेही असते. २०१९चे लिस्बन आम्ही आज नाकारत नाही. पण दुसऱ्या भेटीनंतर ते शहर आम्हांला सुंदर आहे म्हणून आवडते, असे म्हणता येत नाही. तिथे आता आमची माणसे आहेत: एक मेलेला सैनिक, एक सुटलेला कैदी, नदीपलीकडे ढकललेली आजी आणि कोपऱ्यावरचा वाणी. यांतल्या कुणाला लिस्बनमध्ये राहण्याचा हक्क होता, कुणाला बळेच तिथे ठेवले गेले, कुणाला तिथून घालवले गेले आणि कुणाला आज घालवू पाहत आहेत, हा हिशेब पाहिल्याशिवाय त्या शहराविषयी 'आवडते' हे क्रियापद आम्हांला वापरता येत नाही. तो पाहूनही ते वापरावेसे वाटते, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही.

आजोबांना हे सारे सांगायचे राहिले. ते २०२१मध्ये गेले. ते असते तर त्यांनी बहुधा एकच प्रश्न विचारला असता, आणि तो आजींच्या यजमानांविषयी असता: बिडी देणारा तो शिपाई कुठल्या पलटणीतला होता? आम्ही आजींना विचारून ठेवले आहे. त्या म्हणाल्या, घर बदलताना बांधलेली जुन्या पत्रांची पेटी अजून उघडलेली नाही. उघडली की कळवतील.